परवापासून बंद

स्नेहा पगारे डायरेक्टर झाली तेव्हा नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत निम्म्या लोकांना वाटलं, पोरगी आता पिक्चर काढणार. उरलेल्यांना वाटलं, फौज सोडून तिने कंपनी घातली. तिच्या आईला, मालनबाईंना, दोन्हींतलं काहीच पटेना, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं.

"तुझ्या हाताखाली तोफा किती?"

"एकही नाही."

"मग जवान?"

"ऑफिसातले आहेत थोडे."

"अगं, मग कर्नल कशाची? करतेस काय दिवसभर?"

"सांगते," स्नेहा म्हणाली.

"सांग की मग."

"तेच काम आहे, आई. सांगणं. जनरल साहेबांना सांगायचं, हे करा, हे करू नका, केलंत तर असं होईल."

"आणि साहेबानं नाही ऐकलं तर?"

"तरी सांगायचं."

मालनबाईंनी मेथी निवडता निवडता लेकीकडे असं पाहिलं, की एवढ्यासाठी सरकार पगार देत असेल तर सरकारकडे पैसा फार झालाय. त्यांनी स्वतः आयुष्यभर लोकांना फुकट सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं.

नाशिकच्या पश्चिमेला, डोंगर चढायला लागतात तिथे, खापरमाळ नावाचं तोफांचं प्रशिक्षण केंद्र आहे. नकाशात शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. तिथे जनरल आणि तोफा यांच्या मध्ये जे चार-पाच डायरेक्टर बसतात, त्यांतली एक स्नेहा. फायरिंगचं वेळापत्रक, रेंजची सुरक्षा आणि आजूबाजूच्या गावांना कळवणं, एवढं तिच्या शाखेकडे. तिच्या हुकमावर एकही तोफ उडत नसे, पण तिच्या शाखेने मान डोलावल्याशिवायही एक उडत नसे. जनरलने काही ठरवायच्या आधी डायरेक्टरने आपलं मत लिहायचं, अशी तिथली रीत. ते मत जनरलने मानलंच पाहिजे असं नाही. मात्र अपघाताच्या कागदांवर डायरेक्टरने 'असहमत' लिहिलं, तर जनरलला प्रकरण जागच्या जागी मिटवता येत नाही, सगळं वर कमांडकडे पाठवावं लागतं. त्यामुळे हा शब्द तिथे सहसा कुणी लिहीत नाही. 'सहमत'ला शाईही कमी लागते, असं मेसमध्ये गमतीने म्हणतात.

जनरल होते कुरियन. केरळचे, उंच, हळू आवाजाचे. आरडाओरडा करणाऱ्या साहेबाला सांभाळणं सोपं असतं, त्याचा जोर ओसरला की काम होतं. कुरियन आवाज चढवतच नसत, त्यामुळे ओसरायला काही नसे. त्यांनीच स्नेहाला नाव घेऊन मागून घेतलं होतं आणि त्यांच्याच शेऱ्यावर तिचं ब्रिगेडियर होणं टांगलेलं होतं. यादी लवकरच जायची होती. कॉलनीत ही बातमी कशी पोचली देव जाणे, पण तिथल्या राकेश साळवेने विहाराचा हॉल सत्कारासाठी आधीच सांगून ठेवला होता. स्नेहाने त्याला फोनवर झापलं, तर म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त तारीख सांगा, बाकी आपलं आपण बघतो."

भाद्रपदातली गोष्ट. रेंजला लागून भोकरवाडी नावाचं गाव आहे. कागदावरच्या नोटिसेप्रमाणे फायरिंग मंगळवारी संपायचं होतं. पण डोंगरात धुकं उतरलं की समोरचं झाड दिसत नाही, तिथे तोफ काय डागणार. बरेच गोळे शिल्लक राहिले, म्हणून फायरिंग शुक्रवारपर्यंत वाढवलं. तहसीलमार्फत नवी नोटीस काढायला वेळ नव्हता. भोकरवाडीच्या पोलीस पाटलाला फोन करायचं ठरलं. बुधवार आणि गुरुवार पुन्हा धुक्यातच गेले, डोंगर गप्प. शुक्रवारी सकाळी आभाळ उघडलं, तोफा सुरू झाल्या, आणि वाल्मीक थेटे नावाचा शेतकरी सुटलेल्या गाईमागे रेंजमध्ये सापडला. गोळा लांब फुटला होता. तुकडा मात्र त्याच्यापर्यंत आला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशी तीन अधिकाऱ्यांनी केली आणि अहवाल फार चांगल्या इंग्रजीत लिहिला. गावाला फोनवरून वेळेत इशारा दिलेला होता. टेकडीवर लाल झेंडा होता. तरीही सदर इसम मनाई असलेल्या जागेत घुसला. त्याच्याजवळ एक रिकामं पोतं सापडलं, त्यावरून फुटलेल्या गोळ्यांचं भंगार चोरण्याचा त्याचा इरादा उघड होतो. पोलिसांत तशी तक्रार दिली आहे. शाखेचा दोष नाही. डायरेक्टरने फक्त खाली 'सहमत' लिहून सही करायची, मग जनरल ठप्पा मारणार आणि प्रकरण मिटणार.

स्नेहा सही करणारच होती. हे खरं आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. तिने पेन उघडलं होतं. तेवढ्यात तिची नजर 'रिकामं पोतं' या शब्दांवर अडकली आणि तिला एकदम संताप आला. पावसाळ्यात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर खोळ घेतलेला माणूस ज्यांनी जन्मात पाहिला नाही, अशा तिघांनी हे लिहिलं होतं. नाशिकपासून इगतपुरीपर्यंत श्रावण-भाद्रपदात शेतात उभा असलेला प्रत्येक माणूस यांच्या हिशोबाने भंगार चोर. तिने पेन बंद केलं आणि हवालदार रंगनाथला गाडी काढायला सांगितली.

रंगनाथ नांदगावचा. भोकरवाडीला फोन त्यानेच केला होता. वाटेत तो आरशात न बघता म्हणाला, "मॅडम, तुम्ही जे सांगितलं तेच सांगितलं मी. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

"मला माहीत आहे, रंगनाथ."

"चौकशीत पण तेच सांगितलं."

"ते पण वाचलं मी. गाडी बघून चालवा."

वाटेत टेकडीवरचा लाल झेंडा दिसला. धुऊन धुऊन गुलाबी पडलेला. तो फायरिंग असो नसो, बारा महिने तिथेच असतो, हे तिला त्या क्षणी आठवलं. जो झेंडा कधी उतरत नाही त्याच्याकडे बघायचं कुणी?

पोलीस पाटील खंडेराव ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसले होते. गणवेशातली बाई बघून उठले, खुर्ची पुसून दिली, आणि विचारायच्या आत फोन पुढे केला. गावाच्या ग्रुपवर त्यांचाच संदेश होता. 'फायरिंग परवापासून बंद. पोलीस पाटील.' खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती.

"मॅडम, गुरुवारी फोन आला," खंडेराव म्हणाले. "परवापासून बंद. मी लगेच ग्रुपवर टाकलं, देवळाच्या भोंग्यावर बी सांगितलं. कागदावर मंगळवारपोतरच व्हतं. अन् बुधवारी-गुरुवारी आवाज बी नाय. गुरुवारचा परवा म्हंजी मंगळवार. सरळ हिशोब हाय."

"नाही हो पाटील," स्नेहा म्हणाली. "परवा म्हणजे शनिवार. शनिवारपासून बंद. शुक्रवारी चालू राहणार होतं."

खंडेरावांनी फोनवरचा तो संदेश पुन्हा वाचला. ओट्याच्या कडेला एक बाई येऊन उभी होती, पदर कमरेला खोचलेला. ती म्हणाली, "आस्सं. मंग तुमचा परवा पुढचा व्हता."

"या सिंधुबाई," खंडेराव हळूच म्हणाले. "वाल्मीकच्या घरच्या."

"आमी आपला मागचा परवा धरला," सिंधुबाई म्हणाली. "आमाला काय ठावं, तुमचा कोणचा हाय? तुमी तसं सांगायचं ना."

त्या क्षणी स्नेहाला आपलाच आवाज ऐकू आला. गुरुवारी दुपारी, ऑफिसच्या व्हरांड्यात, बगलेत फायली, चालता चालता. 'रंगनाथ, भोकरवाडीला कळवून टाका, फायरिंग परवापासून बंद.' सबंध दिवस इंग्रजीत आणि हिंदीत जायचा, रंगनाथशी तेवढी दोन वाक्यं मराठीत बोलता यायचं, तिला ते बरं वाटायचं. इंग्रजीत सांगितलं असतं तर ही चूक करताच आली नसती. 'उद्यापर्यंत चालू आहे' म्हटलं असतं तरी झाली नसती. पण गाव दर वेळी एकच विचारायचं, बाई, संपणार कधी? म्हणून तिने संपण्याची गोड बातमी पाठवली, आणि धोक्याचा दिवस त्या बातमीच्या पोटात राहून गेला. रंगनाथने ते वाक्य जसंच्या तसं पोचवलं. खंडेरावांनीही पोचवलं. इतक्या इमानाने चूक क्वचितच पोचत असेल.

"ते वाक्य माझं होतं," ती म्हणाली. "परवा माझा होता."

खंडेराव म्हणाले, "नाय मॅडम, तसं काय..."

"पाटील, तुमी थांबा," सिंधुबाई म्हणाली. ती स्नेहाच्या समोर आली. "पाय गेला त्येचं त्यो अन् मी बघून घेऊ. पण पोलीस आले, पोतं हातात वर धरलं अन् समद्या गावाला दाखवलं. भंगार चोर म्हणे. माझा मानूस. ज्यानं कुनाच्या बांधावरचं गवत कापलं नाय. तुमी मोठ्या सायेब हायेत. त्येचं काय करता, ते सांगा. पैशाचं नका बोलू."

स्नेहा पैशाचंच बोलणार होती. मदत, अर्ज, पुनर्वसन, असले शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले आणि म्हणाली, "बघते." हा मराठीतला सगळ्यात खोटा शब्द आहे हे सिंधुबाईला माहीत होतं, आणि तिने ते चेहऱ्यावर दाखवलंही.

रविवारी स्नेहा नाशिक रोडला आईकडे गेली. मालनबाईंनी बोंबील केले होते, म्हणजे त्यांचं काही तरी काम होतं. जेवण झाल्यावर त्यांनी सत्काराच्या साडीचा विषय काढला. स्नेहाने तिथेच सगळं सांगून टाकलं. असहमत लिहिलं की काय होईल तेही.

"म्हणजे ब्रिगेडियर नाही?"

"नाही होणार बहुतेक."

"कर की मग सही. त्या माणसाचा पाय काय परत उगवणार आहे का?"

"त्याला चोर म्हणतात, आई."

"म्हणू देत. आपल्याला काय कमी म्हटलंय लोकांनी? आपण मेलो का?"

"नाही मेलो. पण विसरलो पण नाही."

मालनबाई ताट उचलून मोरीकडे गेल्या. ताट जरा जोरातच आदळलं. "तुझा बाप असता तर त्यानं तुला समजावलं असतं," त्या आतून म्हणाल्या.

स्नेहाच्या मनात नेमके बाबाच आले होते. सहादू पगारे नोटांच्या छापखान्यात होते. सुटताना फाटकावर रोज अंगाची झडती. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. 'सगळ्यांची होते, साहेबाची पण होते,' म्हणायचे आणि हात वर करून ताठ उभे राहायचे. पण एकदा स्टेशनजवळच्या टपरीवर कुणी तरी हसत विचारलं, काय सहादू, आज खिशात किती आणल्या? त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. त्या टपरीवर ते पुन्हा गेले नाहीत आणि त्या माणसाशी मरेपर्यंत बोलले नाहीत. विचारणाऱ्याने माफी मागितली होती, चेष्टा होती म्हणाला होता. छोट्या स्नेहाला तेव्हा वाटलं होतं, एवढं काय त्यात. आता तिला वाटलं, बाबांनी अर्धा चहा कशाला, कपच त्याच्या अंगावर ओतायला हवा होता.

"मी येत नाही त्या हॉलमध्ये," मालनबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "तुझा सत्कार झाला नाही तरी येत नाही आणि झाला तरी येत नाही."

हे वाक्य तपासत बसण्यात अर्थ नव्हता. स्नेहा आईच्या पाया पडली आणि निघाली. मालनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

सोमवारी सकाळी तिने लिहिलं. 'असहमत.' खाली कारणं. गावाला इशारा मिळाला नाही, उलट धोका टळल्याचा निरोप मिळाला. निरोपाचे शब्द डायरेक्टरचे आहेत. पोतं पावसापासून बचावासाठी होतं, या भागात सगळे वापरतात. तक्रार मागे घ्यावी. फार दिवसांनी तिचं अक्षर चांगलं आलं.

दुपारी जनरलनी बोलावलं. टेबलावर तो कागद आणि काळा चहा. बसायला सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मला हा शब्द समजावून सांगा," कुरियन म्हणाले. ते इंग्रजीत बोलत, आणि जे बोलत ते अगदी नेटकं. "परवा."

"कालच्या आधीचा दिवस, सर. आणि उद्याच्या नंतरचा दिवस."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"माझ्या भाषेत गेलेल्या दिवसाला एक शब्द आहे, येणाऱ्याला दुसरा. कुठल्याही शहाण्या भाषेत असेच असणार. एक शब्द दोन उलट्या दिशांना कसा जाईल?"

"आमच्याकडे जातो, सर. क्रियापदावरून कळतं, मागचा की पुढचा. बंद आहे, की बंद होणार आहे. मी क्रियापद घातलंच नाही."

कुरियननी चहाचा घोट घेतला. "म्हणजे कमांडला मी असं कळवू, की माझी डायरेक्टर व्याकरणात चुकली आणि एका माणसाचा पाय गेला."

"हो सर."

"स्नेहा, ही चौकशी तुम्हाला वाचवते आहे. तुमच्या लक्षात येतंय ना? तीन अधिकाऱ्यांनी तुमच्यावर एक ओरखडा येऊ दिलेला नाही."

"त्यांनी तो वाल्मीक थेटेवर काढलाय, सर."

"तो रेंजमध्ये होता."

"मी सांगितलं म्हणून होता."

कुरियननी दुसरा रस्ता काढला. सभ्य माणसाकडे दुसरा रस्ता नेहमीच असतो. "हवालदाराने निरोप खुलासेवार द्यायला हवा होता. त्याचं तेवढं लिहू. किरकोळ ताकीद. कुणाची नोकरी जात नाही, गावकऱ्याची तक्रारही पुढे मागे सौम्य करता येईल."

स्नेहाच्या कानशिलात रक्त चढलं. "सर, रंगनाथने माझं वाक्य एक अक्षर न बदलता पोचवलं. निरोप देणाऱ्याने तेवढंच करायचं असतं. त्याला शाबासकी द्यायला हवी. त्याच्यावर तुम्ही काही लिहिलंत, तर त्याच्याखाली पण मी असहमत लिहीन."

"मी तुम्हाला हुकूम देऊ शकतो."

"द्या, सर. इथून हलवा म्हणालात तर उद्या हलते. माझ्या जागी दुसऱ्याला बसवा, तो लिहील सहमत. तुम्ही सांगाल तिथे मी सही करीन, सर, आजवर केली आहे. पण हे मत आहे. मत हुकमावरून देता येत नाही. येत असतं तर तुम्हाला डायरेक्टर कशाला लागली असती? शिक्का चालला असता."

असं कुणी जनरलशी बोलत नाही. बाहेर बसलेल्या स्टेनोची बोटं टाइप करता करता थांबली होती, हे तिला दारातून ऐकू आलं. कुरियन रागावले असतील तर दिसलं नाही. त्यांचा आवाज उलट आणखी खाली आला.

"यादी शुक्रवारी जाते आहे. तुमच्यावर मला लिहायचं आहे. हा कागद असा वर गेला, तर मला लिहावं लागेल, की या अधिकाऱ्याला एक साधी सूचना स्पष्टपणे देता येत नाही. ब्रिगेडियरसाठी याच्यापुढे काही वाचत नाहीत."

वीस-बावीस वर्षं. पहिल्या पोस्टिंगवर 'कुठल्या कोट्यातून' म्हणून विचारणारा तो कॅप्टन. लेहच्या थंडीत एकटीने काढलेला हिवाळा. आईची साडी. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तिला फार, फार वाईट वाटलं. तरी ती खुर्चीतून उठली आणि ताठ उभी राहिली.

"लिहा, सर. ते खरं आहे. पण वाल्मीक थेटे चोर आहे हे खोटं आहे, आणि त्याच्याखाली तुम्ही माझी सही मागताय."

कुरियननी कागद ओढून घेतला, पुन्हा एकदा सगळा वाचला, आणि वर पाठवायच्या ट्रेमध्ये ठेवला. मग हाताने खूण केली, जा.

बाहेर आल्यावर ती स्वच्छतागृहात गेली, नळ सोडला आणि रडली. पाच मिनिटं रडली असेल. तोंड धुऊन ऑफिसात आली तेव्हा रंगनाथ दाराशी उभा होता. त्याला सगळं कळलेलं होतं, स्टेनो कशासाठी असतात. त्या दिवशी त्याने तिला जो सलाम ठोकला तो जरा जास्त वेळ टिकला.

कमांडचं उत्तर दिवाळीच्या आधी आलं. कर्नल पगारे यांना लेखी ताकीद. पोलिसांतली तक्रार मागे घ्यावी. जखमीच्या उपचारांचं आणि नुकसानीचं बघावं. यापुढे गावांना तारीख आणि वार यांशिवाय कुठलाही निरोप जाऊ नये. ब्रिगेडियरची यादी त्याच आठवड्यात लागली होती आणि तिच्यात स्नेहाचं नाव नव्हतं. राकेशने हॉल रद्द केल्याचा फोन केला तेव्हा तो इतका हळू बोलत होता, जणू कुणी वारलंय. "राकेश, मी जिवंत आहे," ती म्हणाली, "जरा मोठ्याने बोल." मालनबाईंनी फोन केला नाही. डब्यात कडबोळी पाठवली, चिठ्ठी नाही, निरोप नाही.

तक्रार मागे घेतल्याचं पोलीस सांगतीलच, असं सगळ्यांचं म्हणणं. स्नेहाला पोलिसांच्या सांगण्याचा भरवसा नव्हता. ती स्वतः भोकरवाडीला गेली.

वाल्मीक घरी आला होता. ओसरीत खाटेवर बसून तूर निवडत होता, अर्धा पाय गोधडीखाली. तिला बघून उठायला लागला, मग आठवलं तसा थांबला. सिंधुबाई आतून आली.

स्नेहाने सांगितलं. तक्रार मागे घेतली, चोरीचा आरोप काढला, आता कुठल्याही कागदावर तसं काही नाही. सांगताना तिला वाटत होतं, बाईच्या डोळ्यांत पाणी येईल. आपण काय घालवलं ते बाईला सांगायचं नाही, असंही तिने वाटेत ठरवलं होतं, आणि त्या ठरवण्याचा तिला थोडासा अभिमान होता.

"चोर नव्हताच त्यो," सिंधुबाई म्हणाली. "तुमी लिवलं म्हणून झाला नव्हता, अन् तुमी खोडलं म्हणून मिटला बी नाय."

स्नेहाचा अभिमान तिथल्या तिथे गळून पडला. तिला लागलं, आणि लागलं ते बरोबर जागी लागलं हेही कळलं. तिने मान हलवली. "खरं आहे तुमचं."

"मंग चूक कुनाची व्हती, ते लिवलंय का कुठं?"

"लिहिलंय. माझी. मला आलेल्या ताकिदीत नाव घालून लिहिलंय."

"दाखवा."

"तो कागद बाहेर आणता येत नाही. पण मला पाठ आहे."

वाल्मीक खाटेवरून म्हणाला, "जाऊ दे ना, मॅडमनी सांगितलं ना आता. च्या ठेव."

"च्या व्हईल," सिंधुबाई म्हणाली. "पोतं वर धरलं तवा समद्या गावानं बघितलं. त्या टायमाला कुनी नाय म्हनलं, जाऊ दे." ती स्नेहाकडे वळली. तिच्या बोलण्यात विनंती नव्हती. "थांबा जरा. लोकं बोलावते. समद्यांसमोर म्हना."

नाही म्हणता आलं असतं. फौजेची अंतर्गत बाब आहे, परवानगी लागते, असं काहीही सांगता आलं असतं, आणि ते सगळं नियमात बसलंही असतं. रंगनाथ गाडीपाशी उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"बोलवा," स्नेहा म्हणाली.

आधी शेजारच्या दोन बाया आल्या. मग खंडेराव आले, टोपी नीट करत. शेतातून परतणारे थांबले, देवळापाशी पत्ते खेळणारे उठून आले, कुणी तरी म्हणालं, काय झालं, फायरिंग हाय का? ओसरीपुढचं अंगण भरलं. सिंधुबाईने वाल्मीकच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. तो एका पायावर, तिच्या खांद्याच्या आधाराने, सगळ्यांच्या समोर उभा राहिला.

स्नेहाने टोपी सारखी केली. इंग्रजीतली ती ताकीद तिने मनातल्या मनात मराठीत केली, यावेळी प्रत्येक वाक्याला क्रियापद होतं, आणि ती पहिल्या ओळीपासून बोलायला लागली. आपल्या नावापाशी आली तेव्हा तिने आवाज खाली येऊ दिला नाही.